हिरवं दिसता कामा नये

मी सारजाबाईचं खुरपं. माझ्याकडून गोडगोड कहाणीची अपेक्षा ठेवू नका. माझं सगळं आयुष्य मातीत आणि काट्याकुट्यांत गेलं, पण ते माझं कामच होतं, त्याचा मला कधी राग आला नाही. राग आला तो एका उन्हाळ्याचा. तो अजून गेलेला नाही, आणि तो का आला हे सांगायलाच मी बसलोय.

केजच्या रस्त्याला आमच्या गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडायची. तिथं माझा जन्म झाला. एसटीच्या मोडक्या कमानपाट्याचा तुकडा होतो मी. घिसाडी मला सांडशीत धरून भट्टीत लालबुंद करायचा आणि त्याची बायको दोन्ही हातांनी घण उचलून माझ्यावर घालायची. नवीनच लग्न होऊन आलेली एक मुलगी समोर उभी राहून हे बघत होती. मूठ बारीक बसवा म्हणाली, तिचा हात लहान होता. ती सारजाबाई.

तिचा नवरा म्हाळू मेंढरं राखायचा. वर्षातले कित्येक महिने तो मेंढरांमागं मुलूख फिरत असायचा आणि ही इकडं लोकांच्या रानात खुरपायला जायची. कापूस, ज्वारी, तूर, पुढं पुढं ऊस. सकाळी मला कमरेला खोचायची आणि दिवस मावळला की धुऊन आढ्याला अडकवायची. गावातलं एक रान असं नसेल जिथली माती मी चाखली नाही. पण त्यातलं वीतभर रान तिचं नव्हतं. बांधावर भाकरी खाताना ती कधीकधी दुसऱ्याच्या वांग्याच्या झाडाला हळूच हात लावून बघायची, कपडे बघावेत तसं. घ्यायचं नाही, नुसतं बघायचं.

असं करता करता दोघं म्हातारी झाली. म्हाळूच्या डोळ्यांची अंबाजोगाईला दोनदा ऑपरेशनं झाली, तरी त्याला माणसाचा नुसता आकार दिसायचा. मेंढरं विकून त्यांनी एक म्हैस घेतली. मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता, तो दिवाळीला यायचा. सारजाबाईचे गुडघे धरले. दिवसभर उकिडवं बसायचं नाही असं अंबाजोगाईच्याच डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटलं, आता आपली सुट्टी झाली. मी भंगारात जाणार.

पण तिनं मला हातात घेतलं आणि घराच्या मागं गेली. तिथं, घर आणि गावात शिरणारा रस्ता यांच्यामध्ये, थोडी जागा होती. गाजरगवत, फुटक्या कौलांचे तुकडे, कुणाकुणाच्या घरचा राडारोडा. ती पायाखाली पाट घेऊन बसायची, जरा काम करायची, गुडघा चोळायची, परत करायची. कुणी मुकादम नव्हता, बाकीच्या बायांच्या पुढं आपली पात, म्हणजे खुरपायची ओळ, काढायची घाई नव्हती. मला पहिल्यांदाच कळलं की खुरपणं सावकाशही करता येतं.

दोन वर्षांत तिथं परसबाग झाली. वांगी, मिरच्या, अंबाडी, कोथिंबिरीचा एक वाफा, दोडक्याचा मांडव, कोपऱ्यात शेवगा आणि न्हाणीजवळ मोगरा. पाणी म्हणाल तर अंघोळीचं, भांड्यांचं, भाजी धुतल्याचं. न्हाणीपासून तिनं माझ्याच टोकानं एक बारीक चारी काढली होती.

त्या दोघांचं तिथलं जगणं मी बघितलंय. सकाळी चहाच्या बशा घेऊन ती दोघं मांडवाखाली बसायची. म्हाळू कोथिंबिरीवरून तळहात फिरवायचा आणि हाताचा वास घेत बसायचा. दोडका केवढा झाला हे तो बोटांनी चाचपून सांगायचा आणि सारजाबाई, अजून दोन दिस राहू द्या, म्हणायची. जेवताना मिरची लागली की ती उठून झाडावरून तोडायची आणि ताटात टाकायची. संध्याकाळी दोडक्याची पिवळी फुलं उघडायची, त्यांच्यावर भुंगे यायचे. म्हाळूला ते दिसत नव्हते, पण तो कान देऊन ऐकायचा. मोगरा फुलला की सारजाबाई दोन फुलं अंबाड्यात खोचायची. रस्त्यानं जाणाऱ्या बाया हसायच्या, म्हातारीला या वयात काय थेर सुचलेत म्हणायच्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या बाईनं म्हातारपणी दोन फुलं माळली तर यांच्या पोटात का दुखावं? वय झालं की माणसानं कोपऱ्यात बसून खोकावं, एवढंच लोकांना मंजूर असतं.

मग तो दुष्काळ आला. शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तो उन्हाळा. आमच्या गावातले हातपंप खडखड वाजायला लागले. आडाच्या तळाला नुसता चिखल. टँकर आला तर आला.

गावात दुधाची सोसायटी होती. बायांनी चरव्या डोक्यावर वाहून ती उभी केलेली. सगळ्यांच्या दुधातून थोडंथोडं कापून सोसायटीनं जनावरांसाठी एक बोअर पाडला होता, शेजारी हौद बांधला होता. मोहनराव चेअरमन होते आणि धोंडीराम सचिव. सोसायटीच्या कचेरीला लागूनच मोहनरावांचा बंगला, मध्ये फक्त एक भिंत. होळीच्या सुमाराला धोंडीरामनं बोअरच्या खोलीला कुलूप लावलं. पाणी आटलंय, मोटार जळेल, असं त्यानं सांगितलं. कुणी त्याच्यावर शंका घेतली नाही. सगळीकडचंच पाणी आटलं होतं.

सारजाबाईनं बाग सोडली नाही. कडूबाई म्हणून एक शेजारीण होती, तिच्यासोबत ती लांबच्या मळ्यातून घागर आणायची. पिण्याच्या पाण्याचा एक थेंब झाडाला घालायची नाही, ते मी शपथेवर सांगतो. तिनं वेगळीच तोड काढली. न्हाणीत अंघोळ करण्याऐवजी ती म्हाळूला रोज एका झाडाच्या बुडाशी दगडावर बसवायची आणि तिथंच त्याच्या अंगावर तांब्या ओतायची.

"आज कुनाची पाळी?" म्हाळू विचारायचा.

"वांग्याची," ती म्हणायची.

मग म्हातारा वांग्याशेजारी बसून अंघोळ करायचा. शेवग्याची पाळी असली की कुरकुर करायचा, सावली नाही म्हणून. त्या भयंकर उन्हाळ्यात सगळ्या गावात एवढीच एक हिरवी जागा उरली होती, आणि ती एका म्हाताऱ्याच्या अंगावरून निथळलेल्या पाण्यावर जगत होती.

एके दिवशी धोंडीराम परसात आला. त्यानं बागेकडं बघितलं आणि डोकं खाजवलं. म्हणाला, उद्या दुष्काळ बघायला पथक येतंय, मोठे साहेब आहेत, गावाच्या तोंडालाच मावशी तुमचं परस लागतं. हिरवं दिसलं तर साहेब म्हणतील, इथं कुठाय दुष्काळ? टँकर बंद होतील.

"आंगुळीचं पानी हाय ते, धोंडीराम," सारजाबाई म्हणाली.

"मला म्हाईत हाय. पर सायबाला कोन सांगनार?"

"मी सांगते की."

तो हसला. तुमचं कोण ऐकणार, असं तोंडानं म्हणाला नाही, पण हसण्यात ते होतं. जाताना म्हणाला, "चेअरमनसायबांचा निरोप हाय, हिरवं दिसता कामा नये. आन नुसतं वरून कापू नगा, बुडं बी काढा. खुंट दिसले तरी पंचाईत."

ती नाहीच म्हणणार होती. मला तिच्या मुठीवरून कळलं होतं. पण दुपारी गावातल्या बाया आल्या. कडूबाई पुढं होती. तिच्या घरी दोन म्हशी, एक गाभण.

"आक्का, टँकर थांबला तर माझी जनावरं मरतेल," ती खाली मान घालून म्हणाली. "तुमचं काय, पावसाळ्यात परत लावताल."

बाया गेल्यावर तिनं म्हाळूला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "मोगरा बी?"

आणि तिनं मला उचललं.

आजवर मी लाखो रोपं कापली असतील. तण काढणं म्हणजे कापणंच. पण जे वाढवलं ते कापायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. वांगी आधी गेली, फुलावर आलेली. मग मिरच्या. दोडक्याचा वेल मांडवावरून ओढताना त्याचे ताणे सुटेनात, तिला ते एकेक बोटानं सोडवावे लागले. कोवळे दोडके तिनं म्हाळूच्या ओच्यात टाकले. तो ते चाचपत बसला. त्यातला एकही खायच्या जोगा झाला नव्हता. मोगऱ्याची मुळं न्हाणीच्या दगडाखाली गेली होती. ती मला खाली रोवायची, जोर लावायची, थांबायची. त्या वेळी मी तिच्या हातात बोथट व्हायला हवं होतं. झालो नाही. चांगल्या लोखंडाचा हाही एक शाप असतो.

शेवग्याच्या फांद्या तिनं कडूबाईच्या मुलाकडून उतरवल्या. सगळा पाला एका गाठोड्यात बांधला. परस पहिल्यासारखं उघडं पडलं. म्हाळू घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून निजला.

संध्याकाळी धोंडीराम परत आला. काम बघून त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, मावशी, उद्या जरा बंगल्यावर या. पथकाचं जेवण तिथंच आहे, लॉनवर. लॉनमध्ये तण लई माजलंय, तुमच्यासारखा खुरपणारा हात गावात नाही. मजुरी मिळेल.

म्हाळूनं आतूनच सांगितलं, जाऊ नगं. ती म्हणाली, जाते.

सकाळी बंगल्याच्या फाटकातून आत शिरलो आणि मला माझ्या पात्यावर विश्वास बसेना. हिरवळ. साध्या कुरणाएवढी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, गुडघा टेकला तर लुगडं ओलं व्हावं अशी. कडेनं गुलाब. एका बाजूला मांडव घालून टेबलं मांडत होते. जन्मभर मी गवत काढत आलो. इथं गवत ठेवायचं होतं आणि त्यात चुकून उगवलेली घोळ, माठ, कुर्डू काढून टाकायची होती. जी माणसाच्या आणि जनावराच्या पोटात जाते ती काढायची. मी मुकाट्यानं काढत होतो, पण आतून तापत होतो. आदल्या दिवशी ज्या मातीत मी रुतलो ती भाजलेल्या विटेसारखी होती. इथं मी टेकलो की आत जात होतो.

भिंतीजवळ एक लव्हाळ्याची गाठ होती. तिच्या मुळाशी सारजाबाईनं मला खोल घातलं, आणि मी कशावर तरी आपटलो. दगड नव्हता. तिनं माती बाजूला केली. काळी नळी. माझ्या टोकानं तिला चीर पडली होती आणि त्या चिरेतून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली, सारजाबाईच्या तोंडावर.

तिनं तोंड पुसलं नाही. नळी कुठं जाते ते बघितलं. भिंतीखालून पलीकडं. पलीकडं सोसायटीच्या बोअरची खोली होती.

मला वाटलं, आता ती उठून धोंडीरामला धरेल. पण ती तिथंच बसली. चिरेवर माती दाबली आणि वाट बघत राहिली. एकदा घरी जाऊन तेवढं ते गाठोडं घेऊन आली. कुणी विचारलं तर म्हणाली, म्हशीला पाला आहे.

दुपारी गाड्या आल्या. पथकानं गाव गाडीतूनच बघितलं होतं. आमचं उघडं परस त्यांना दाखवलं होतं म्हणे, आणि साहेबांनी चुकचुक केली होती. आता ते हातपाय धुऊन टेबलाशी बसले. मोहनराव स्वतः वाढत होते. साहेबांमध्ये एक बाई होत्या, मधल्या वयाच्या. त्यांनी चपला काढून पाय गवतावर ठेवले आणि लगेच खाली बघितलं.

सारजाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. त्या बाईंच्या समोर गेली आणि गाठोडं सोडलं. सुकलेला दोडक्याचा वेल, वांग्याची फुलं, मोगऱ्याच्या मुळ्या.

"ही माजी बाग, बाईसायब," ती म्हणाली. "काल कापली. तुमाला हिरवं दिसू नये म्हनून. माज्या म्हाताऱ्याच्या आंगुळीच्या पान्यावर वाढलती."

धोंडीराम धावत आला. मोहनरावांनी हात करून त्याला थांबवलं आणि हसत म्हणाले, म्हातारीचं डोकं उन्हानं फिरलंय, घेऊन जा हिला. मग त्या बाईंनी विचारलं, "या लॉनला पाणी कुठलं?"

"घरचा बोअर आहे," मोहनराव म्हणाले.

सारजाबाई वळली. भिंतीजवळ गेली, वाकली, दोन्ही हातांनी ती काळी नळी धरली आणि ओढली. साठी उलटलेली, गुडघे गेलेली बाई. शिवण उसवावी तशी ती हिरवळ नळीच्या रेघेनं उसवत गेली. माती उडाली, पाणी उडालं, मांडवाच्या कडेनं गुलाबापर्यंत चर पडला. दुसऱ्या बाजूला नळी भिंतीखाली ताठ झाली आणि थांबली.

"हा आमच्या दुधाचा बोअर हाय," ती म्हणाली. "आटला म्हनून कुलूप हाय त्याला."

त्या बाई ताटावरून उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. बाकीच्यांनी, खोटं कशाला सांगू, श्रीखंड संपवलं आणि मग उठले.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. ऊन कलायच्या आत बोअरच्या खोलीसमोर बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. आरडाओरडा नव्हता. त्या नुसत्या उभ्या होत्या. धोंडीरामनं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. धार बारीक होती, पण होती. पाळ्या लावून ती पाऊस येईपर्यंत पुरली. कडूबाईची म्हैस व्याली. हिरवळ आठवड्यात पिवळी पडली.

मोहनरावांना शिक्षा झाली असेल असं तुम्हाला वाटत असेल. पथकाच्या अहवालात बोअरविषयी काही आलं नाही म्हणे. पुढच्या निवडणुकीत ते परत चेअरमन झाले, बिनविरोध. ज्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या त्यांतल्या कितीतरींनी हारही घातले. माझ्या रागाचं मूळ तिथंही आहे.

पाऊस आल्यावर सारजाबाईनं परत वाफे केले. कडूबाई एक दिवस भोपळ्याचं रोप ठेवून गेली. पण नवा मोगरा लागला तरी त्याला फूल यायला वेळ लागतो आणि म्हाळूकडं वेळ नव्हता. त्यानंतरच्या दुसऱ्या थंडीत तो गेला. माणूस म्हातारा झाला की त्याच्याकडं मोजकेच उन्हाळे उरतात. कोथिंबिरीचा वास घ्यायचे, दोडका चाचपायचे. त्यातला एक या लोकांनी जेवणाच्या पंगतीसाठी कापून घेतला. पाणी चोरलं ते परत मिळालं. तो उन्हाळा कुठून आणायचा?

आता सारजाबाईला खाली बसता येत नाही. मला तिनं वेळूच्या लांब दांड्याला तारेनं बांधून घेतलंय. उभ्यानंच खुरपते. घासून घासून मी अर्धा उरलोय, पण मऊ मातीला तेवढा पुरतो. तिला भाजी किती लागते? तरी ती लावते. दोन वांगी कडूबाईला, चार मिरच्या रस्त्यानं जाणाऱ्याला. चहाची एकच बशी असते आता, ती मांडवाखाली बाजेवर बसून पिते.

गेल्या उन्हाळ्यात धोंडीराम आला होता. केस पांढरे झालेत त्याचे. चेअरमनसाहेबांच्या नातीचं लग्न आहे, लॉन परत लावलंय, तण काढायला मावशी याल का, मजुरी चांगली देऊ, असं त्यानं उभ्याउभ्याच विचारलं. मागचं जणू काही झालंच नव्हतं.

सारजाबाईनं काम थांबवलं नाही. मेथीच्या वाफ्यातून मला अलगद फिरवत म्हणाली, "खुरपं घरच्या कामाला हाय. सवड न्हाई."

तो आल्या वाटेनं गेला.

मला एवढंच सांगायचं होतं. कुणाच्या घरामागं एखादी म्हातारी चार वाफ्यांत वाकलेली दिसली तर तिला हे कशाला करता असं विचारू नका, आणि कोणत्याही मोठ्या कारणासाठी तिच्याकडं ते मागू नका. आधी आपल्या भिंतीखाली काय पुरलंय ते उकरून बघा. आता मला जाऊ द्या. मेथीत तण झालंय, आणि ती माझी वाट बघत उभी आहे.